पुस्तक मिटून उजळणी

(दृश्य : संध्याकाळची वेळ. रंकाळ्याकडे निघालेली गर्दी. कॅमेरा गर्दी सोडून शेजारच्या गल्लीत वळतो.)

निवेदन :
फेब्रुवारी उजाडला की कोल्हापुरात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसतात आणि गल्लीगल्लीत दहावीचं एक तरी घर ओळखू येतं. टीव्हीचा आवाज बारीक असतो. पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या, निवांत’ असं सांगून झालेलं असतं. कोल्हापूर विभागीय मंडळात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, आणि तिन्हीकडे या दिवसांत एकच शब्द ऐकू येतो : रिव्हिजन.

(दृश्य : स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली मुलगी. पुढ्यात विज्ञान भाग १. पानभर पिवळ्या, गुलाबी रेघा.)

“झालं का गं?” आई भाकरी थापता थापता विचारते.
“झालंय की. तिसऱ्यांदा वाचून झालंय.”
“मग सांग बघू, ते पाण्याचं काय असतं?”
मुलगी तोंड उघडते, थांबते आणि पुस्तकाकडे बघते.

निवेदन :
या मुलीनं आळस केलेला नाही. दोन तास ती मान वर न करता बसली आहे. पण तिसऱ्या वाचनात पान ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं म्हणजे आलंच, असं मन ठरवून टाकतं. परीक्षेत मात्र पान समोर नसतं.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकी हीच गोष्ट तपासली. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चारही सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं हे चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला चांगलं आठवेल याची जास्त खात्री कोणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना.

हे आकडे प्रत्येक दहावीच्या घरात पोचायला हवेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. कारण मुलं कष्टाला कमी पडत नाहीत, त्यांचे कष्ट चुकीच्या जागी खर्च होतात.

(दृश्य : मुलगी पुस्तक मिटते. कोरा कागद. “थांब आई, लिहून बघतो.”)

निवेदन :
कागदावर मथळा येतो : पाण्याचे असंगत आचरण. खाली पहिली ओळ : ० अंशापासून ४ अंश सेल्सिअसपर्यंत पाणी तापवलं तर ते प्रसरण पावत नाही, आकुंचन पावतं. दुसरी ओळ : ४ अंशाला घनता सर्वांत जास्त. मग पेन अडतं. प्रयोगाचं उपकरण कुणाचं? थंड प्रदेशात तळं वरून गोठलं तरी मासे जगतात, ते का?

तिनं तिथं जागा मोकळी सोडली आहे. हे फार महत्त्वाचं. अडलं की लगेच पुस्तक उघडायचं नाही, दोन-तीन मिनिटं डोक्याला ताण द्यायचा. पुस्तक त्यानंतर. मोकळ्या जागा आता लाल पेनानं भरल्या जातात : होपचं उपकरण. ४ अंशाचं जड पाणी तळाशी राहतं, बर्फ वर तरंगतो. उद्या हा कागद पुन्हा कोरा सुरू होईल आणि आधी तपासल्या जातील त्या लाल ओळी.

आईनं पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारले, तर आणखी चांगलं. तिला विज्ञान यायला हवं असं नाही. उत्तर पुस्तकाशी जुळतंय का, एवढंच बघायचं.

(दृश्य : दसरा चौक, जुन्या बोर्डिंगच्या इमारती.)

निवेदन :
खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावं म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. दसरा चौकात त्यातली काही आजही दिसतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला एक गोष्ट आपसूक मिळते : ‘मला विचार रे’ म्हणायला शेजारी कुणीतरी असतं. आता गावोगावी अभ्यासिका झाल्या आहेत आणि आत ‘शांतता राखा’ची पाटी असते. पाटी बरोबरच आहे, वाचायला शांतता लागते. पण दर तासाभरानं मित्राला घेऊन बाहेर पायरीवर या आणि एकमेकांना मोठ्यानं विचारा. मित्राला समजावताना जिथं अडखळाल, तिथंच तुमचा अभ्यास कच्चा आहे.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांवर खुणा.)

निवेदन :
आता वेळेचं गणित. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली निष्कर्ष छापले. अर्थहीन अक्षरगटांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी झाला. म्हणून रविवारी सलग चार तास इतिहास घेऊन बसण्यापेक्षा एकेक तास चार दिवस द्या. आज केलेला धडा उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा कोऱ्या कागदावर. मधल्या दिवसांत थोडं विसरायला होईल. होऊ दे, ते पुन्हा आठवण्याच्या खटपटीतच पक्कं होतं.

भूमितीत एक वेगळीच अडचण असते. पायथागोरसच्या प्रकरणातला सरावसंच सोडवताना पायथागोरसच लावायचा, हे आधीच ठाऊक असतं. प्रश्नपत्रिका ते सांगत नाही. समोरची आकृती समरूपतेची आहे, वर्तुळाची की त्रिकोणमितीची, हे ओळखणं हेच अर्धं उत्तर. म्हणून शेवटच्या महिन्यात सातही प्रकरणांतली दोन-दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मिसळा आणि हाताला येईल ती सोडवा. सुरुवातीला चुका वाढतील. त्या घरी झालेल्या बऱ्या.

आणि आठवड्यातून एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. भूमितीचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. मोबाईल दुसऱ्या खोलीत, मध्ये उठायचं नाही.

(दृश्य : रात्र. मुलीच्या हातात लाल ओळींचे कागद.)

निवेदन :
पेपरच्या आदल्या रात्री नवा धडा उघडू नका. फक्त लाल ओळी बघा आणि वेळेवर झोपा. वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे जागून वाढवलेले तीन तास दुसऱ्या दिवशी महागात पडतात.

“आई, उद्या पेपरला जायच्या आधी चहा घेताना विचार मला, उष्णतेचं सगळं.”
“विचारते. पण पुस्तक माझ्याकडं दे आत्ताच.”