यादीत एक तरी खरं आहे का?

मंडळी, वीज गेलीय, माईक बंद आहे, तेव्हा जरा मोठ्यानं बोलतो. मागच्या बाकांवर कुणाला ऐकू येत नसेल तर हात वर करा. एक हात जरी दिसला तरी मी आवाज चढवणार, उरलेले हात मोजत बसणार नाही. आजचा विषय एवढाच आहे, फक्त तो लिस्पमध्ये सांगायचाय.

लिस्प ही संगणकाचे प्रोग्राम लिहायची भाषा. ती जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रचायला घेतली. या भाषेचा जीवच यादीत आहे. तिच्यात प्रोग्रामसुद्धा यादी म्हणूनच लिहितात. आता समजा एक यादी हातात आली. तिच्यात काही ठिकाणी निल आहे, म्हणजे खोटं, आणि बाकी ठिकाणी दुसरं काहीबाही. निल नाही ते सगळं खरं धरायचं. विचारायचंय इतकंच, की यात एक तरी खरं आहे का?

नवा माणूस म्हणतो, ऑर, म्हणजे 'किंवा', आहेच की! दोन-तीन गोष्टींना ऑर चालतो, मग अप्लाय, म्हणजे यादीतले सगळे घटक एकदम फंक्शनला देणारी सोय, वापरून सगळी यादी त्याच्याच गळ्यात घालू. कॉमन लिस्प ही लिस्पची एक बोली, ती ते ऐकत नाही. ऑर हे फंक्शन, म्हणजे किमती घेऊन उत्तर देणारं, नाहीच. तो मॅक्रो आहे, म्हणजे दिलेलं न सोडवता तसंच घेऊन त्याजागी दुसरा कोड मांडणारा.

का, ते माझ्या लहानपणावरून सांगतो. घरातलं विरजण संपलं की आई वाटी देऊन वाडीत पाठवायची. पहिल्या घरी, "काकी, विरजण आसा काय?" "नाय रे, दूधच येवक नाय आज." दुसऱ्या घरीही नाही. तिसऱ्या घरी मिळालं की मी तिथूनच मागे फिरायचो, चौथ्या घराची पायरी चढायचो नाही. ऑर असाच वागतो. फंक्शनची रीत वेगळी. त्याला हाक मारण्याआधी सगळ्या किमती काढून हातात द्याव्या लागतात. म्हणजे अख्ख्या वाडीला आपापल्या वाट्या घेऊन आमच्या अंगणात उभं करायचं, आणि मग मी म्हणणार, तिसऱ्या काकींचं घेतो, बाकीच्यांनी घरी जा. वाडीत पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. मॅकार्थी यांच्या १९६० सालच्या निबंधातच 'किंवा'ची व्याख्या अशी आहे: पहिलं खरं असेल तर खरं, नाहीतर दुसरं जे असेल ते. पहिल्यावर भागलं तर दुसऱ्याकडे बघायचंच नाही.

यादीसाठी हाच स्वभाव असलेलं फंक्शन आहे, सम. समविषममधला सम नव्हे, बेरजेचाही नव्हे, इंग्रजीतला 'काही' या अर्थाचा. फळ्यावर देवनागरीत लिहितो. यंत्राला चालणार नाही, तुम्हाला चालेल:

(सम #'आयडेंटिटी यादी)

#' ही खूण म्हणजे पुढचं नाव फंक्शनचं आहे. आयडेंटिटी म्हणजे जे दिलं तेच परत करणारं फंक्शन. सम एकेक घटक त्याच्या हाती देतो आणि निल नसलेलं पहिलं उत्तर आलं की थांबतो. आणि परत काय देतो? नुसतं 'हो' नाही, ते उत्तरच देतो. मीसुद्धा वाडीतून 'आहे' एवढा निरोप घेऊन यायचो नाही, वाटीत विरजण घेऊन यायचो.

काही जण रिड्यूसनं, म्हणजे सगळी यादी आटवून एका उत्तरावर आणणाऱ्या फंक्शननं, दोन-दोन घटकांना ऑर लावत जातात. उत्तर बरोबर येतं, पण यादी शेवटपर्यंत चालावी लागते. त्यानं काय बिघडतं म्हणाल, तर पाच डझनांची हापूसची पेटी घ्या. साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, आहे की नाही हे आंबा कापल्याशिवाय कळत नाही, वरून फळ सोन्यासारखं दिसतं. "या पेटीत एक तरी साकाळलेला आहे का?" सम पहिला साका लागला की सुरी खाली ठेवतो. जो आधी सगळ्यांची तपासणी करून मग निकाल बघतो, त्याच्यापुढे साठ आंब्यांच्या फोडी. तपासणी महाग असली, फाइल उघडायची किंवा नेटवर्कवर विचारायचं असलं, की हा फरक खिशाला जाणवतो.

आता माझी फजिती. मामांच्या बागेचा हिशोब मी लिस्पमध्ये ठेवला होता. पेटीला भाव मिळाला की आकडा, नोंद राहिली असेल तर निल. एखादी नोंद राहिलीय का हे बघायला मी फाइंड-इफ वापरलं आणि नल, म्हणजे 'हे निल आहे का', ही कसोटी दिली. फाइंड-इफ सापडलेली वस्तू हातात देतं. त्याला निल सापडलं, त्यानं इमानदारीनं निल दिलं, आणि मी वाचलं, "काही सापडलं नाही." अर्धा मे महिना मी मामांना सांगत होतो, हिशोब पुरा आहे. तिथंही सम हवं होतं:

(सम #'नल भाव)

हे कसोटीचं उत्तर परत करतं, त्यामुळे नोंद राहिली असेल तर टी, म्हणजे खरं, येतं. आणखी एक, शून्य खोटं धरणाऱ्या सी भाषेतून येणाऱ्यांसाठी: लिस्पमध्ये शून्य खरं असतं. शून्य रुपये भाव हीसुद्धा नोंदच. मामा म्हणाले, असा भावही एका वर्षी मिळालाय.

लिस्पच्या बाकी बोलींपैकी स्कीममध्ये याच कामाला एसआरएफआय-१ या फंक्शनांच्या संचातलं एनी आहे, रॅकेटमध्ये ऑरमॅप, ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये सीएल-सम. सांभाळायचं एवढंच, की कॉमन लिस्पमध्ये रिकामी यादी आणि निल एकच, स्कीममध्ये मात्र रिकामी यादी खरी धरतात.

पुढच्या खुर्चीवरून प्रश्न आलाय: पेटीच रिकामी असेल तर? सम म्हणणार निल, एकही साकाळलेला नाही. त्याचा भाऊ एव्हरी, 'सगळे चांगले आहेत का' विचारणारा, तो म्हणणार टी. होय काका, रिकाम्या पेटीतले सगळे आंबे चांगले.

"ता वाशीच्या दलालाक जावन सांग!"