खांबापासून घरापर्यंतचं इंटरनेट

मंडळी, नागपुरात बेसा-बेलतरोडीच्या नव्या ले-आउटमध्ये किंवा कुही-भिवापूरकडच्या गावात फायबर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "महिन्याचे किती?" त्याचं उत्तर सोपं आहे. ४९९चा प्लान १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपयांना पडतो; सहा महिन्यांचे आगाऊ मागितले तर ३,५३३. मॉडेम आपला की परत करायचा आणि वायर किती मीटरपर्यंत फुकट, तेवढं लिहून घ्या. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच: माझ्या घरी उजेड किती पोहोचणार?

फायबरमधून प्रकाश येतो आणि तो डीबीएममध्ये मोजतात; वाटेतली घट डीबीमध्ये. आकडा जितका जास्त उणे, तितका उजेड कमी. ऑपरेटरच्या ओएलटीतून, म्हणजे तारेत प्रकाश सोडणाऱ्या त्याच्याकडच्या यंत्रातून, समजा +३ निघाला. आठ किलोमीटरच्या तारेत साधारण २ डीबी गेले. एका तारेवर ३२ घरं जोडणाऱ्या स्प्लिटरनं १७ खाल्ले. जोड, कनेक्टर मिळून आणखी २. घरी आले उणे १८, उत्तम. मॉडेम साधारण उणे २७पर्यंत तग धरतो. पुढं ले-आउट वाढतो, नवी केबल ओढायला पैसे लागतात, म्हणून तुमच्याच खांबावर एकास चारचा आणखी एक स्प्लिटर लटकतो. ७ डीबी तिथंच गेले, उरले उणे २५. मग तार टिनाच्या कडेला काटकोनात वळली किंवा जॉइंट बॉक्समध्ये पावसाचं पाणी शिरलं, की लाइन तुटक-तुटक चालते. तक्रार केली की म्हणतात राऊटर बदला. त्यानं काही होत नाही बाप्पा!

म्हणून जोडणीच्या दिवशीच प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा आणि मॉडेमच्या पाठीवर पेननं लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २३ असेल तर ठीक. हिरवं कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये घुसवलेलं दिसलं तर काम थांबवा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. मधे फट राहते आणि काही डीबी फुकट जातात.

मॉडेमवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच येत नाही: नालीसाठी जेसीबी फिरला असेल, किंवा रामटेककडे वानरं तारेवर झुलली असतील. 'पॉन'चा, म्हणजे ऑपरेटरशी जोडणी दाखवणारा, हिरवा दिवा नुसता लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण कमी पडतोय किंवा नोंदणी अडली आहे. कनेक्टर काढून फुंकर मारू नका, टोक आणखी खराब होतं.

लोडशेडिंगचं म्हणाल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. घरचा मॉडेम बहुतेक १२ व्होल्टचा असतो. व्होल्ट-अँपिअर ताडून छोटा यूपीएस लावा. मात्र ऑपरेटरच्या ओएलटीला बॅटरी किती तास पुरते, हेही विचारा. स्प्लिटरऐवजी खांबावर नेटवर्क स्विच (लाइन वाटणारं विजेवरचं यंत्र) बसवून लाइन दिली असेल तर त्यालाही वीज हवी, आणि गावात ती गेली की तुमचा यूपीएस नुसता दिवे लावत बसतो.