वहीतली नावं

(दृश्य: ठाणे, मासुंदा तलाव. सकाळ. गडकरी रंगायतनसमोरचा रस्ता.)

सकाळचे साडेसहा. तलावपाळीवर फिरणाऱ्यांची दुसरी फेरी सुरू झाली आहे. मालिकांत छोट्या भूमिका करणारे काका बसची वाट बघत उभे आहेत. आठचा शूटिंगचा कॉल आहे, घोडबंदर रोडला. खांद्यावर काळी बॅग. तीत इस्त्रीचे दोन शर्ट, एक धोतर, डबा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले तपकिरी बूट.

बूट कशाला, असं आम्ही विचारलं. काका म्हणाले, "अरे, हवालदाराचा ड्रेस तिथे मिळतो. बूट मापाचे मिळतीलच असं नाही. आणि बूट चावत असले की तोंडावर दिसतं."

(दृश्य: पडद्यावर काकांचं पूर्ण नाव. चार सेकंद.)

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. चेहरा मात्र नक्की पाहिलेला आहे. बसमध्ये कोणीतरी वळून बघतं, "तुम्ही ते... मालिकेतले ना?" म्हणतं, आणि मालिकेचं नाव आठवेपर्यंत कापूरबावडी येते.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काकांनी तीस वर्षं लेथ चालवली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं, आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तिथल्या यंत्रांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण पाळी सुटल्यावर तिथे तालमी चालायच्या, ते फारसं कुणी सांगत नाही. कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा जवळ आली की कँटीनची टेबलं भिंतीला लागायची आणि खडूने रंगमंच आखला जायचा. काकांचं सगळं शिक्षण त्या खडूच्या रेघांत झालं. आज सेटवर त्यांचा मार्क, म्हणजे उभं राहायची आखलेली जागा, एकदाही चुकत नाही, तो त्यामुळे.

(दृश्य: नौपाड्यातलं घर. टेबलावर लांब, लाल कापडी बांधणीची वही.)

ही वही बघा. पहिल्याच कामापासूनची नोंद आहे. तारीख, भूमिका, दिग्दर्शक, किती दिवस, पैसे कधी आले. मुलीचा बाप. डॉक्टर. मुलीचा बाप. भटजी. तलाठी. मुलीचा बाप. एका पानावर फक्त "प्रेत" असं लिहिलंय, आणि शेजारी बारीक अक्षरात "श्वास चांगला धरला".

मालिकेतलं मानधन बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी मिळतं. घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. वहीत काही ओळींपुढचा पैशांचा रकाना अजून कोरा आहे. कुणाकडे किती अडकलेत, ते काकांनी सांगितलं नाही. आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

काकांना एक माणूस फार जवळचा वाटतो. अण्णा साळुंके. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव करत होते तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. ज्यांना समाजात आधीच जागा नव्हती, त्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात फाळक्यांना एक स्वयंपाकी दिसला. अंगाने सडपातळ, हात नाजूक. पगार महिना 10 रुपये. फाळक्यांनी 15 देऊ केले. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला, आणि हा पोळ्या लाटणारा माणूस महाराणी होऊन लोकांसमोर आला.

1917 साली 'लंका दहन' आला. त्यात राम साळुंके आणि सीताही साळुंके. पुढे त्यांनी कॅमेराही हातात घेतला. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दामोदर दाबकेही पुढे कॅमेऱ्यामागे गेले. फाळक्यांचं नाव सर्वात मोठ्या पुरस्काराला आहे, ते योग्यच आहे. पण त्यांच्या दादरच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या माणसांचा स्वयंपाक करून वर कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं कामही करत होत्या. त्यांचं नाव किती जणांना सांगता येईल?

(दृश्य: काका चहा करताना. आवाज त्यांचाच राहू द्यावा, निवेदन नंतर.)

आणि कमलाबाई. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी झाल्या तेव्हा वय तेराच्या आसपास. पार्वती झाल्या होत्या त्यांच्या आई, दुर्गाबाई कामत. भारतीय चित्रपटसृष्टी ज्यांना बघून बायकांसाठी दारं उघडणार होती, त्या या मायलेकी. कमलाबाई गोखले पुढे तरुणपणी विधवा झाल्या, पदरी तीन मुलगे. रंगभूमीवर काम करून त्यांनी ते वाढवले. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. नातवाला सगळा महाराष्ट्र ओळखतो. माहितीपटकार रीना मोहन यांनी नव्वदीला टेकलेल्या कमलाबाईंसमोर कॅमेरा नेऊन ठेवला, म्हणून आपल्याला आज त्यांचा आवाज तरी ऐकता येतो. रीना मोहन थोडं थांबल्या असत्या, तर तोही राहिला नसता.

आम्ही काकांच्या दारात आलो ते याच धास्तीने.

(दृश्य: घोडबंदर रोड. भाड्याच्या बंगल्यातला सेट. हवालदाराच्या वेशात काका.)

आज एकच वाक्य आहे. "साहेब, बाई बाहेर बसल्यात." नायिकेचा क्लोजअप आधी होतो. काका कॅमेऱ्याच्या बाजूला, चौकटीबाहेर उभे राहून तिला तेच वाक्य देतात. सात वेळा. प्रत्येक वेळी पूर्ण आवाजात, टोपी डोक्यावर ठेवून. समोरच्याला खरं माणूस दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर कॅमेरा आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पहिल्याच टेकला ओके.

(दृश्य: रात्र. नौपाडा. टेबलावरचा दिवा.)

बूट पुसून पुन्हा कागदात गेले आहेत. वही उघडली आहे. तारीख, हवालदार, एक दिवस. मग काकांनी खालची ओळ आखली आणि आमच्याकडे बघितलं. "तुमच्या फिल्मची नोंद करतो. दिग्दर्शक लिहिला. कॅमेऱ्यावर कोण आहे, पूर्ण नाव सांग बाळा." त्याने सांगितलं. "आणि तो आवाजाची काठी धरलेला?"

त्याचं आडनाव काकांनी दोनदा विचारून घेतलं. वेलांटी पहिली की दुसरी, ते नीट कळेना म्हणून.