जेराल्ड ऑन्जियर: मुंबईत माणसं आणणारा गव्हर्नर

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी,

डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं ऑन्जियर स्ट्रीटवरून येणं-जाणं असतं. सतराव्या शतकात फ्रान्सिस ऑन्जियर नावाच्या सरदारानं हा रस्ता आखला. सत्तर फूट रुंदीचा हा रस्ता तेव्हा शहरातला सर्वांत रुंद होता. या फ्रान्सिसचा भाऊ जेराल्ड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला गेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली ती १६६१ च्या लग्नाच्या करारातून, हे आपण शाळेत शिकलो. राजाला ती सांभाळणं परवडेना. १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. पुढच्याच वर्षी सुरतेच्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्सेंडन वारला आणि सुरत-मुंबईचा कारभार जेराल्ड ऑन्जियरकडे आला.

त्याच्या हाती काय आलं? सात बेटं, मधे भरतीचं पाणी शिरणारी खाजणं, कोळी-भंडारी-कुणब्यांची गावं, नारळाच्या वाड्या, भातखाचरं, मोडकळीला आलेला छोटा किल्ला. हवा इतकी रोगट की दोन पावसाळे काढले म्हणजे इथल्या माणसाचं आयुष्य झालं, असं पुढे इंग्रजच म्हणायला लागले. अशा ठिकाणी व्यापार आणायचा तर आधी माणसं आणायला हवीत, हे ऑन्जियरनं ओळखलं. त्याचं सगळं कर्तृत्व या एका ओळखण्यातून आलं, असं माझं मत आहे.

पहिला तिढा जमिनीचा होता. पोर्तुगीज अमलातली कुठली जमीन खाजगी, कुठली सरकारी, यावर रोज भांडणं. ऑन्जियरनं जमीनदारांना एकत्र बसवलं आणि १६७२ मध्ये तोड काढली: सगळ्यांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन, म्हणजे त्या काळची पोर्तुगीज नाणी, द्यायची आणि आपापल्या जमिनी निर्धास्तपणे कसायच्या. १६७४ मध्ये हा करार पक्का झाला. त्याच १६७२ च्या ऑगस्टमध्ये वाजतगाजत मिरवणूक काढून त्यानं मुंबईत न्यायालय सुरू केलं. जॉर्ज विलकॉक्स या न्यायाधीशाला त्यानं भर सभेत बजावलं, की इथं नाना देशांचे, नाना धर्मांचे लोक आहेत; न्यायासनावर बसलास की या सगळ्यांकडे एकाच नजरेनं पाहायचं.

हे सगळं कंपनीच्या फायद्यासाठी होतं, यात शंका नाही. पण फायद्यासाठी माणसं लुबाडणारे त्या काळात शेकड्यांनी होते. फायद्यासाठी माणसांना अभय देणारे थोडेच.

१६७३ च्या फेब्रुवारीत डच सेनापती व्हान गून्स आरमार घेऊन मुंबईवर आला. किल्ल्याचं काम अपुरं होतं, गोरे शिपाई थोडे होते. ऑन्जियरनं सगळ्यांना उभं केलं. त्यात आपले भंडारीही होते, हातात सोटे घेऊन. माहीम, शिवडी, शीव इथं सुभेदारांच्या हाताखाली भंडाऱ्यांची शिबंदी उभी राहिली तीही त्याच्याच कारकिर्दीत. तयारी पाहून डच न लढताच निघून गेले. मुंबईच्या इतिहासात या भंडाऱ्यांना एखादं वाक्यच मिळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता महाराजांशी त्याचा संबंध. इथं मी ऑन्जियरचं कौतुक आवरतं घेतो. मोगलांच्या बाजूच्या जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार मुंबईच्या बंदरात आसरा घेई आणि तिथून पेण-नागोठण्याकडे स्वराज्याच्या मुलखात जाळपोळ करी. ऑन्जियरला मोगलही दुखवायचे नव्हते आणि मराठेही. दोन्ही दरडींवर पाय ठेवून त्यानं वेळ मारून नेली, पण त्याची झळ आपल्या रयतेला बसली. दुसरीकडे, मराठ्यांनी लुटलेल्या इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीची भरपाई त्याला हवी होती. त्यासाठी त्यानं मे १६७४ मध्ये कंपनीच्या हेन्री ऑक्सेंडनला वकील म्हणून रायगडावर पाठवलं. बरोबर दुभाषी म्हणून नारायण शेणवी होते.

हे लोक गडाच्या पायथ्याशी पाचाडला पोचले तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. मग गडावर मुक्काम, महाराजांचे कारभारी निराजीपंत यांच्याशी बोलणी, आणि ६ जूनला राज्याभिषेक. हेन्रीनं लिहून ठेवलंय, की दरवाज्यापाशी दोन लहान हत्ती उभे होते आणि इतक्या अवघड वाटेनं ते वर आणले कसे, हे काही आम्हाला कळेना. परक्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेली ही नोंद आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते. तह झाला. राजापूरची भरपाई कबूल झाली, पण इंग्रजांची सगळी कलमं मात्र महाराजांनी जशीच्या तशी मान्य केली नाहीत.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते. १६७७ मध्ये दीवचा नीमा पारख नावाचा वाणी मुंबईला यायला तयार झाला. पण येण्याआधी त्यानं अटी लिहून मागितल्या. आमच्या आवारात कुणी जीवहत्या करायची नाही. आमच्या लोकांना त्यांच्या रीतीनं प्रेतं जाळता यावीत, सण-लग्नं करता यावीत. कुणाला जबरदस्तीनं ख्रिस्ती करायचं नाही, मनाविरुद्ध ओझी वाहायला लावायचं नाही. युद्ध आलं तर माल आणि बायकामुलं ठेवायला किल्ल्यात जागा द्यायची. ऑन्जियरच्या सरकारनं हे मान्य केलं. आपण सगळे परदेशात आलो ते व्हिसाचे कागद भरून, समोरच्यानं घातलेल्या अटी मान्य करून. हा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वतःच्या अटी घालून आला, आणि सत्तेला त्याची गरज आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर जॉन फ्रायर या प्रवाशानं त्या दशकातल्या मुंबईची वस्ती साठ हजार धरली. इंग्रज आले तेव्हा ती दहा हजारांच्या आसपास सांगतात. अंदाजच हे, पण वाढ खरी होती.

नीमा पारखच्या कराराच्या वर्षीच, ३० जूनला, ऑन्जियर सुरतेला वारला. लंडनच्या संचालकांना मुंबईवरचा खर्च डोईजड वाटत होताच. त्याच्यामागे त्यांनी काटकसरीचा असा बडगा उगारला की १६८३ मध्ये मुंबईच्या फौजेतल्या कॅप्टन केग्विननं बंड करून मुंबईच ताब्यात घेतली. ते मिटल्यावर १६८७ मध्ये कंपनीनं आपलं ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं, ऑन्जियरच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

मंडळाला एक विनंती करतो. येत्या राज्याभिषेक दिनाच्या कार्यक्रमात पोवाड्याबरोबर हेन्री ऑक्सेंडनच्या वृत्तांताचं मराठीत वाचन ठेवूया. भाषांतराला मी बसतो, मदतीला इथं वाढलेली दोन-तीन मुलं हवीत. जुनं इंग्रजी त्यांनी वाचावं, मराठी आपण मिळून घडवू. नावं आजच चिटणिसांकडे द्या.

धन्यवाद.