चार हजार फूट आणि कुटाराचा ढीग

(पहिलं दृश्य निवेदनाशिवाय. उभ्या बंडीवरून एक मुलगी उडी मारते, कुटारात पडते, उठते, अंग झटकते, पुन्हा चढते. तीन वेळा. फक्त मूळ आवाज.)

आज सकाळपासूनची ही एकोणतिसावी उडी. उंची तीन फूट, फार तर सव्वातीन. खाली सोयाबीनचं कुटार. अंगाला खाज सुटते, पण हाड मोडत नाही.

गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, पऱ्हाटीत वेचणी सुरू आहे. आणि या घरामागच्या सांदवाडीत एक मुलगी विमानातून उडी मारायला शिकते आहे.

तिचं नाव या फिल्ममध्ये ऐकू येणार नाही. आम्ही विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी उडी होऊ द्या, मंग नाव घ्या." गावात तिला छत्रीवाली म्हणायला लागलेत. आपणही तेच म्हणू. वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष, एनसीसी.

(कॅमेरा पायांवर.)

पाय पाहा. घोटे जुळलेले, गुडघे जुळलेले आणि किंचित वाकलेले. जमिनीला आधी चवडे टेकतात. मग पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठीचा तिरका भाग. पाच जागा, एकामागून एक. जिनिंगवर हमालाला पोतं उतरवताना पाहिलंय? तो पोतं धाडकन टाकत नाही. खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर. इथं पोतं आपण स्वतःच आहोत, एवढाच फरक.

याला पॅराशूट लँडिंग फॉल म्हणतात. शिकवणारे तिकडे बाजेवर बसलेत, हातात तुराटी. सुभेदार साहेब. निवृत्त पॅराट्रूपर. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पूर्ण झाल्या की छातीवर पंख लागतात. साहेबांचे ते पंख घरात गजाननमहाराजांच्या फोटोशेजारी टांगलेले आहेत. ते गोल छत्रीच्या जमान्यातले. ती छत्री फारशी वळत नाही. वारा नेईल तिकडे जायचं आणि येईल त्या जागेवर पडायचं. म्हणून पडणं आधी शिकायचं, बाकी सगळं नंतर.

साहेबांची पलटण २ पॅरा, मूळची मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशच्या युद्धात, हीच पलटण तिथल्या टांगाईलला छत्र्यांनी उतरली. तेव्हा साहेब शाळेत होते. पण पलटणीत गेल्यावर जुन्या लोकांकडून ऐकलेलं ते सांगू लागले की थांबत नाहीत. आम्ही चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं आणि तुमच्यासाठी फक्त तारीख ठेवली. माफ करा, साहेब.

(तुराटीचा फटका घोट्यांवर, हलकाच. "दोन पाय नाई, एक पाय समज.")

मागून जे ओरडणं ऐकू येतंय ते वडिलांचं. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे: "बैलाचं कुटार तुडवून राह्यली ना बाप्पा!"

(कडुलिंबाचं झाड. फांदीला हार्नेस टांगलेला.)

हार्नेस म्हणजे छत्री अंगाला बांधायचे पट्टे. हा जुना आहे, विमानात न्यायला बाद झालेला. छत्रीवाली त्यात लोंबकळते आहे. हे दृश्य जरा लांबेल. मुद्दाम लांबवलंय. कारण लोकांना वाटतं, स्कायडायव्हिंग म्हणजे धाडस. आम्ही जे तीन महिने पाहिलं त्यात धाडस फार कमी वेळा दिसलं. दिसली ती घोकंपट्टी.

उजव्या बाजूला लाल मूठ. खऱ्या हार्नेसवर ती मऊ उशीसारखी असते. इथं जुन्या सतरंजीचा तुकडा शिवलाय. ती ओढली की मुख्य छत्री खांद्यांपासून सुटून निघून जाते. डाव्या बाजूला धातूची कडी. इथं बादलीची लावली आहे. ती ओढली की राखीव छत्री उघडते. क्रम चुकवायचा नाही. आधी लाल, मग कडी. आधी कडी ओढली तर दोन छत्र्या एकमेकींत गुंतू शकतात.

साहेब खालून एकेक संकट फेकतात. "छत्री चिंधी झाली!" लाल पाहा, लाल पकड, कडी पाहा, लाल ओढ, कडी ओढ. "दोऱ्याइले पीळ पडला!" खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांनी फाकव, पायांनी सायकल मार, पीळ सुटेपर्यंत मार. "छत्री बरोबर हाय पण वळत नाई!" इथं ती गडबडली. साहेबांनी तिला खाली घेतलं नाही. पंधरा मिनिटं तशीच टांगून ठेवली आणि तेच पुन्हा विचारलं.

उघडल्या उघडल्या छत्रीला तीन प्रश्न विचारायचे. चौकोनी आहेस का? स्थिर आहेस का? वळतेस का? तिन्हीचं उत्तर हो आलं तर ठेव. नाहीतर अडीच हजार फुटांच्या खाली यायच्या आधी निर्णय घे. विचार करायची जागा त्याच्या वर संपते.

राखीव छत्रीसोबत एक छोटं यंत्रही असतं. विद्यार्थी छत्रीशिवाय वेगात सुमारे साडेसातशे फुटांपर्यंत आला, तर ते स्वतःहून राखीव छत्री उघडतं. साहेबांचा त्यावर विश्वास आहे. पण त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत. "मशीन हाय म्हनलं का पोट्टे हात ढिले सोडतात."

(हातात दोन कासरे, समोर बैल नाही.)

हे आमच्या छायालेखकाचं आवडतं दृश्य. आताची छत्री गोल नाही, चौकोनी. खरं तर कापडाचा पंख. १९६४ च्या सुमारास डोमिना जॅल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाला ती कल्पना सुचली. पुढून उघडे असलेले कापडाचे कप्पे, त्यांत वारा भरतो आणि कापड पंखासारखं ताठ होतं. पंख म्हटल्यावर तो पुढे जातो, वळतो. वळवायला दोन बाजूंना दोन मुठी. डावी ओढली, डावीकडे. उजवी ओढली, उजवीकडे. छत्रीवालीनं लहानपणापासून वडिलांसोबत बंडी हाकली आहे. हा धडा तिला दहा मिनिटांत आला. तो एकच.

दोन्ही मुठी एकदम खाली ओढल्या तर वेग मरतो. ते शेवटी करायचं, जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर. आधी केलं तर छत्री वरच थबकते आणि मग माणूस धोंड्यासारखा येतो. उशिरा केलं तर काय होतं ते सांगायला नको.

(आजी, हातात मोबाईल.)

मोबाईलवर आहेत पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर त्यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली. २०११ मध्ये पद्मश्री. हा फोटो फेब्रुवारी २०१८ चा, थायलंडमधला: नऊवारी नेसून आकाशातून. आजीनं फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि नातीला एकच विचारलं, "काहून वं, पदर कसा राह्यला जाग्यावर?"

(तारेचं कुंपण. पलीकडे डांबरी पट्टा. अलीकडे बकऱ्या.)

आता हे पाहा. आपल्याच भागातली एक धावपट्टी. आत जायची परवानगी मिळाली नाही, म्हणून चित्रण तारेबाहेरून. विदर्भात धावपट्ट्या कमी नाहीत. अमरावतीची बेलोरा, जिथून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. अकोल्याची शिवणी. गोंदियाची बिरसी. चंद्रपूरजवळ मोरवा. यवतमाळची आहेच. चार उडीबाजांना घेऊन जाणाऱ्या छोट्या सेसना विमानाला लांबलचक पट्टी लागत नाही. लागते सपाट, मोकळी जमीन. अमेरिकन पॅराशूट संघटनेचा नियम असा की नवशिक्याला उतरायच्या जागेभोवती किमान शंभर मीटर अडथळा नको. वऱ्हाडात शंभर मीटर मोकळं मैदान सापडत नाही, असं कुणी म्हणेल का? विहिरी आहेत, विजेच्या तारा आहेत, बाभळी आहेत, मान्य. त्या टाळूनही कितीतरी माळ उरतो.

तरी छत्रीवालीला शिकायला जावं लागतं दुसऱ्या राज्यात.

(पऱ्हाटीतून धुळीचा खांब फिरत जातो.)

ही वावटळ आम्हाला मार्चमध्ये मिळाली, पण तिची जागा इथंच आहे. काळी जमीन तापते, हवा भराभर वर उठते, आणि मोकळ्या वावरात असा भोवरा सुटतो. कापडाचा पंख त्यात सापडला तर मिटू शकतो. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी नवशिक्यांनी उडायचं नाही. वाऱ्यालाही मर्यादा आहे: नवशिक्यासाठी ताशी साधारण बावीस किलोमीटर. त्याहून जास्त असेल तर दिवसभर धावपट्टीवर पत्ते कुटायचे. आपल्याकडचा हंगाम म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी. आपल्याकडचा म्हणायला हवा, पण आहे कुठे?

(एसटी. नागपूर स्टेशन. रात्रीची गाडी. संगीत.)

जानेवारी. पैसे कसे जमले, घरी काय बोलणं झालं, ते चित्रित झालेलं नाही.

(पहाट. मध्य प्रदेशातली एक धावपट्टी. वाऱ्याची पिशवी लोंबते आहे.)

सुभेदार साहेबही सोबत आले आहेत, मफलर बांधून. इथं त्यांचं शिकवणं धरत नाहीत. इथले प्रशिक्षक पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. पूर्ण दिवस वर्ग, डॉक्टरांचा दाखला, सही, लेखी परीक्षा. टांगलेला हार्नेस इथंही आहे, फक्त लोखंडी चौकटीला. पडण्याचा सराव आला तेव्हा प्रशिक्षकांनी छत्रीवालीला दोनदाच करायला लावलं आणि विचारलं, "कहाँ सीखा?" साहेबांनी मफलर सारखा केला.

शिकायच्या वाटा वेगवेगळ्या. टॅन्डममध्ये प्रशिक्षकाला बांधलेले असता, तुम्ही प्रवासी. दुसऱ्या पद्धतीत दहा-बारा हजार फुटांवरून दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून उडी मारतात. तिसरी जुनी आणि स्वस्त: स्टॅटिक लाईन. छत्रीची एक पट्टी विमानातच बांधलेली. माणूस सुटला की पट्टीच छत्री खेचून उघडते. उडी साडेतीन-चार हजार फुटांवरून, आणि पहिल्याच दिवशी एकटं. छत्रीवालीची ही.

(विमान सुटतं. कॅमेरा जमिनीवरच.)

विमानात कॅमेऱ्याला जागा नव्हती. वर काय झालं ते तिनं नंतर सांगितलं, ते तिच्याच शब्दांत: "दार उघडलं. पाय बाहेर टाकला. पंखाखालची दांडी धरली. मंग साहेब म्हनाले तसं वर पाह्यलं आन् सोडलं."

(लांब लेन्स. ठिपका. मग कापड.)

एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार. हे फूट नाहीत, सेकंद मोजायची पद्धत. एवढं मोजेपर्यंत छत्री उघडायला हवी. उघडली आहे. चौकोनी आहे. पण नीट पाहा, माणूस फिरतो आहे. दोऱ्यांना पीळ पडला आहे.

(इथं निवेदन नाही. सुभेदार साहेबांचा चेहरा. मग पुन्हा आकाश. अकरा सेकंद.)

सायकल.

(छत्री सरळ होते.)

पुढची चार मिनिटं हेल्मेटमधल्या वायरलेसवर खालचा प्रशिक्षक बोलतो आहे. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेनं. सहाशेवर आडवं वळण. तीनशेवर वाऱ्याकडे तोंड. आणि मग हात वर, हात वर, हात वर, आता!

(ती उतरते. पाय जुळलेले. चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ. मूळ आवाज ठेवा.)

हे सगळ्यांना जमत नाही. त्याच सकाळी त्याच तुकडीतल्या एका मुलाचा घोटा उतरताना मोडला. त्याला जीपमधून नेलं.

छत्रीवाली उठली आणि आधी छत्री गोळा करू लागली, वाऱ्यानं ओढू नये म्हणून. तेही शिकवलेलंच. आम्ही धावत गेलो आणि विचारलं, आता नाव घ्यायचं का? ती धापा टाकत म्हणाली, "आता दुसरी होऊ द्या."

(सांदवाडी. फेब्रुवारी.)

नोव्हेंबरात छातीएवढा असलेला ढीग बैलांनी आणि दोन म्हशींनी खाऊन गुडघ्याएवढा उरला आहे. बंडीवर उभी आहे ती शेजारची दहावीतली पोरगी. एकटीनं उडी मारायला अठरा पूर्ण लागतात, तिला अजून तीन वर्षं आहेत. छत्रीवाली खाली बसून तिचे घोटे जुळवते आहे. तुराटी आता तिच्या हातात.

तूर निघाली आहे. तुरीचं कुटार वडिलांनी आणलं, पण वेगळं, ताडपत्रीखाली, वरून दोन धोंडे ठेवून. "हे बैलाचं हाय. पोरीइले नाई."

(पोरगी उडी मारते. गुडघ्याएवढ्या ढिगात. उठते.)

ताडपत्रीचा एक धोंडा बाजूला सरकलेला आहे. तो कुणी सरकवला, ते आमच्या कॅमेऱ्यात नाही.