पाइपात माणूस घालण्याआधी

या फिल्ममध्ये समोर दिसतोय तो पाइप समुद्राचं पाणी वर कारखान्यात आणतो. सकाळचे आठ वाजलेत, सड्यावर ऊन नुकतंच चढायला लागलंय, आणि जांभ्यावर बांधलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून हा काळा पाइप थेट खाली दर्यापर्यंत गेलाय. कारखान्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय, आणि तसंही असे पाइप कोकणपट्टीवर ठिकठिकाणी आहेत, तारापूरचं अणुवीज केंद्र तर १९६९ पासून अरबी समुद्राच्या पाण्यावरच थंड होतंय.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. हे पाणी लोखंडाला लागू द्यायचं नाही म्हणून पाइपाला आतून रबराचं लायनिंग चिकटवतात, काही मिलिमीटर जाडीचं. ते सुटलं, फुगलं किंवा पाण्यातल्या रेतीने घासून गेलं तरी बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. आणि आतून खारं पाणी लोखंड खात जातं.

मग कळायचं कसं? हे अण्णा, यांना विचारा. आयुष्य पाइपात गेलंय यांचं. शटडाऊन घ्यायचा, म्हणजे प्लांट बंद करायचा, पाइप रिकामा करायचा, आत शिरायचं परमिट काढायचं, मॅनहोलमधून सरपटत आत जायचं, कपाळावर बॅटरी, हातात हातोडी, आणि नारळ वाजवून बघतात तसं रबर ठोकत ठोकत पुढे सरकायचं, आवाज पोकळ आला की खडूने खूण. आत ऑक्सिजन कमी पडू शकतो, म्हणून बाहेर एक माणूस कायम उभा, आतल्याला हाका मारत. अण्णांच्या कानाबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण माणूस आत घालणं हा पहिला उपाय असू नये, शेवटचा असावा, हे मी ही फिल्म करायला घेण्याच्या आधीपासून म्हणतोय.

आता स्क्रीनकडे बघा. तोच पाइप, पण थर्मल कॅमेऱ्यातून. जांभळा म्हणजे गार, पिवळा-पांढरा म्हणजे तापलेला. हा कॅमेरा पाइपाच्या आत बघतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं अजिबात नाही, लोखंडाच्या आरपार त्याला काही दिसत नाही. तो फक्त वरच्या पृष्ठभागातून निघणारे इन्फ्रारेड किरण टिपतो. १८०० साली विल्यम हर्शेलने प्रिझममधून सूर्यप्रकाश फोडला आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला, तर पारा चढला. तेच हे किरण.

मग पृष्ठभागावरून आतलं कसं ओळखायचं? खरी गंमत इथे आहे. आत गार पाणी वाहतंय आणि बाहेरून ऊन पडतंय. रबर जिथे घट्ट चिकटलंय तिथे उन्हाची उष्णता त्यातून जमेल तेवढी पाण्यात उतरते. जिथे रबर सुटून मधे हवा साचलीय तिथे तिची वाट अडते, म्हणून बाहेरचा तेवढाच तुकडा जास्त तापतो. हा बघा, बेंडच्या वर, पिवळा डाग. आणि आता खाली या, सपोर्टच्या जवळ, हा जांभळा ठिपका दिसतोय? इथे उलटं झालंय, रबर पूर्ण गेलंय, पाणी थेट लोखंडाला लागतंय म्हणून तो भाग गार. म्हणजे गरम डागाकडेही बघायचं आणि गार डागाकडेही.

पोरं खडू घेऊन मागे मागे चालतायत. घाई आहे, कारण एकदा दर्यावरचा वारा सुटला की पाइप सगळीकडे सारखा गार व्हायला लागतो आणि फरक पुसला जातो. माडाची सावली पडली तिथेही गार पट्टा दिसतो, तो लायनिंगचा दोष समजून चालणार नाही, सावली सरकू द्यायची आणि परत बघायचं. हा पुढचा तुकडा चंदेरी रंगाचा आहे ना, तो सगळ्यात फसवा. चकचकीत धातू स्वतःचे किरण कमी सोडतो आणि आजूबाजूचे परतवतो, कॅमेरावाल्याच्या अंगाची उष्णतासुद्धा त्यात दिसते, ही बघा आकृती. म्हणून तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवरचं तापमान घ्यायचं.

संध्याकाळ. शटडाऊन सुरू झालाय, पाइप रिकामा आहे, ऊन गेलंय. आता दुसरी फेरी, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. रबरामागच्या फोडात हवेऐवजी पाणी शिरलं असेल तर सकाळी तो नीट दिसत नाही, कारण पाणी उष्णता हवेसारखी अडवत नाही. पण पाणी निवायला वेळ लावतं. सगळा पाइप जांभळा होत जातो आणि हा एक डाग पिवळाच राहतो. अण्णा पुढे होऊन तिथे हातोडी मारतात, बाहेरूनच. ऐका.

हा तुकडा फ्लँज, म्हणजे पाइपाचा बोल्टचा जोड, खोलून खाली उतरवला. रबर कापलं, मागे पाणी आणि गंज. इथून पाइप फुटला असता तर प्लांट बंद आणि खारं पाणी खालच्या कलमांच्या बागेत.

खुणा केलेल्या सगळ्याच ठिकाणी दोष निघाला नाही, एका जागी नुसता जुन्या रंगाचा पोपडा होता. सुईएवढं भोक असेल तर ते या कॅमेऱ्याला सापडत नाही, त्यासाठी रबरावर स्पार्क टेस्ट, म्हणजे विजेच्या ठिणगीने भोक शोधणं, लागते आणि पत्रा किती उरलाय ते अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी, मोजावं लागतं. ती कामं आता सुरू आहेत, पण फक्त खडूच्या खुणांपाशी, आणि तेवढेच तुकडे खाली उतरवून. अण्णा बाहेर उभे आहेत, आत कोणी गेलेलं नाही.