हात न लागलेला पाव

(दृश्य: लंडन, रात्रीचे अकरा. तळघराकडे उतरणारा अरुंद जिना.)

साल १८६० च्या आसपासचं. शहर निजायच्या तयारीत आणि पावाचा कारागीर नुकता कामाला लागलाय. कोपरापर्यंत हात पिठात घालून अर्धा-पाऊण तास कणीक मळायची. ती फुगेपर्यंत पाठ टेकायची कुठे? त्याच काथवटीवर फळी टाकून. अंगाखाली एक पोतं, दुसरं गुंडाळून उशाला. जेमतेम दोन तास डोळा लागतो. मग सलग पाच तास: कणीक काढ, तोल, वळ, भट्टीत सार. उजाडल्यावर तोच पाव दारोदार पोचवायला बरेचदा हाच जायचा.

१८६२ मध्ये ह्यू ट्रेमेनहियर यांचा सरकारी चौकशी अहवाल आला. पावात तुरटी असते, हे लंडनकरांना माहीत होतं. आता कळलं, की घामही असतो, कोळिष्टकं असतात, मेलेली झुरळं असतात. लोक हादरले, पण कारागिरासाठी कमी, स्वतःच्या पोटासाठी जास्त. दुसऱ्या वर्षी कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच कामाला बंदी. थोरल्यांची रात्रपाळी तशीच राहिली.

यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या नौदल आगारात थॉमस ग्रँटची वाफेवर चालणारी बिस्किटयंत्रं १८३० च्या दशकातच धडधडत होती. पण बिस्किटाला फुगायचं नसतं. पावाला खमीर लागतं, आणि खमिराला घाई चालत नाही.

(दृश्य: बंद लोखंडी भांड्याचं रेखाचित्र.)

मग खमीरच काढून टाकलं तर? जॉन डॉग्लिश हा मूळचा लंडनचा. एडिंबरोला वैद्यकी शिकताना त्याला तिथला पाव आवडेना, म्हणून तो घरीच पाव करून बघू लागला. १८५६ मध्ये त्याने पेटंट घेतलं. बंद भांड्यात पीठ, मीठ, आणि दाब देऊन कार्बन डायऑक्साइड भरलेलं पाणी. आत फिरती पाती. मळून झालं की खालची तोटी उघडायची. गोटी सोडा फोडल्यावर बाटलीत जे होतं, तेच इथे कणकेत: दाब सुटतो, वायू उसळतो, कणीक फुगूनच बाहेर येते. थेट साच्यात, तिथून भट्टीत. जुन्या पद्धतीने आठ-दहा तास खाणारं काम दीड तासात आटपायचं. कणकेला माणसाचा हात लागतच नसे.

१८६२ मध्येच या पद्धतीवर एरेटेड ब्रेड कंपनी, म्हणजे 'एबीसी', उभी राहिली. अहवालाने घाबरलेल्या गिऱ्हाइकाला आणखी काय हवं होतं? चव मात्र बेताचीच. आंबल्याशिवाय पावाला स्वाद कुठून यायचा?

आणि तळघरातले छोटे भट्टीवाले? त्यांनी यंत्राच्या नादी लागायचं टाळलं. एकमेकांपेक्षा स्वस्त विकायची चढाओढ, त्यात यंत्राला रोख पैसा हवा. रात्रभर राबणारा माणूस त्याहून कितीतरी स्वस्त पडत होता. माझ्या मते यंत्र अडलं ते इथे, चवीपाशी नव्हे.

डॉग्लिश १८६६ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. कंपनी मात्र टिकली, तीही वेगळ्याच धंद्यावर. १८६४ पासून तिने चहाची दुकानं काढली होती. एकट्या बाईने बिनघोर बसावं अशा जागा लंडनमध्ये तेव्हा फार नव्हत्या. दुकानं तुफान चालली. पुढच्या पिढ्यांतल्या लंडनकरांना 'एबीसी' म्हटलं की आधी चहाच आठवायचा.